शाल सध्या कोणाकडे आहे

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी डॉक्टरचा फोन आला. "तू ठीक आहेस ना?" "हो, भाजी चिरतेय." "मग मावशी गेल्या गं." तिच्या पेशंटने 'हेमलता म्हात्रे वारल्या' एवढंच सांगितलं होतं आणि डॉक्टर धरून आम्ही चौघी त्याच नावाच्या. आमच्या यादीत मी दुसरी. पहिल्या क्रमांकावर मावशी. तिथे फोन लावायचा तिला धीर झाला नव्हता.

मावशी उत्तनजवळच्या चौक गावच्या. शांती नगरमध्ये मासळी विकायच्या. नऊ वर्षांपूर्वी एका मंडळाने कबड्डी प्रशिक्षक हेमलता म्हात्रेंचा सत्कार ठरवला आणि चुकून बोलावलं मावशींना. त्या गेल्या, शाल घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून शालीची खरी मालकीण शोधत फिरल्या. पहिलं दार माझं लागलं. "बाय, ही शाल तुजी हाय का?" मी म्हटलं, मी ऑफिसात फायली सांभाळते, मला कोण शाल देणार? स्टेजवरच का नाही सांगितलंत, असंही विचारलं. "तीन पदकां सांगेपर्यंत मना वाटला, मासलीवालीला पन देत असतील!"

मग मी कागद घेतला आणि यादी करायला बसले. पंधरा दिवसांत कबड्डीवाली सापडली, पाठोपाठ बेव्हर्ली पार्कची डोळ्यांची डॉक्टर. कबड्डीवालीने शाल घेतलीच नाही. "मला घाम पुसायला टॉवेल पुरतो, मावशी." तेव्हा मावशींनीच नियम केला. वर्षातून एका रविवारी चौकला त्यांच्या घरी जेवायचं. जिची पाळी तिने वर्षभरात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि शाल न्यायची. डॉक्टर एकदा ऑपरेशनांचे आकडे सांगू लागली, तर मावशी म्हणाल्या, "त्ये तुजा काम हाय. नवीन काय केलास त्ये सांग." डॉक्टर त्या वर्षी पोहायला शिकली. मी सायकल...

यंदा शाल मावशींकडेच होती. तेराव्याला मावशींच्या सुनेने ती आमच्यासमोर आणून ठेवली. कोणी हात लावेना. "बंद करूया," कबड्डीवाली म्हणाली. "मावशीच नाहीत तर कोणाकडे यायचं?" मी पर्समधून यादी काढली. लाल पेनही आणलं होतं. माझा स्वभावच तसा, जे संपलं त्यावर रेघ मारायची.

तेवढ्यात खाकी कपड्यांतली एक बाई दारात उभी राहिली. "सॉरी हां. मी बसवर कंडक्टर आहे. नाक्यावरच्या बोर्डावर माझंच नाव, वर भावपूर्ण श्रद्धांजली! फेरीला वीस मिनिटं होती, म्हटलं बघून येते, गेलं तरी कोण." आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. हसू आधी कोणाला फुटलं, आठवत नाही. सून मात्र पदराने डोळे पुसत पाणी आणायला उठली. कबड्डीवालीने कंडक्टरला खाली बसवलं आणि मावशींच्याच सुरात विचारलं, "नवीन काय केलंस?"

"काय नाय... म्हणजे, मोठी गाडी चालवायला शिकतेय. दोनदा टेस्ट नापास झाले. तिसऱ्यांदा देणारे."

कबड्डीवालीने शाल उचलून तिच्या खांद्यावर घातली. मी यादीत पाचवा क्रमांक लिहिला. पहिला तसाच ठेवला. लाल पेन पर्समध्ये गेलं. पुढचा रविवार कधी, हे सुनेनेच कॅलेंडरवर बघून सांगितलं.

परवा उत्तनच्या बसमध्ये चढले. कंडक्टरच्या सीटवर शाल घडी घालून ठेवलेली. सुकटीचा वास दारापर्यंत येत होता.

"धुतली नाहीस?"

"पास झाल्याशिवाय नाय धुणार," ती म्हणाली. "सरका आत, ताई."