मिस्त्रीचा खोकला आणि माझी बादली

किस्से काही कोणी जमवून ठेवत नाही. ते आपले आपण बसतात, धुळीसारखे. घर कितीही झाडा, संध्याकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की पुन्हा दिसतातच, हवेत हळूहळू तरंगताना. एकाले बोट लावा, सारे उठतात! आणि आमचं तर सारं आयुष्यच धुळीतलं. मग आमच्याकडं किती असतील, तुम्हीच सांगा.

आम्ही बालाघाटचे फरशीवाले. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, ते मिस्त्री. आमचे हे त्यांच्या हाताखाली. आणि मी अन् लालबर्र्याची इमरती, आम्ही दोघी रेजा. पाणी भरायचं, सिमेंट कालवायचं, बसलेली फरशी दगडानं घासून गुळगुळीत करायची. बंगले, कचेऱ्या, शाळा. त्या काळात जिकडं पाहावं तिकडं शेणाचं सारवण जाऊन फरशी येऊन राह्यली होती.

भासऱ्यांचं नाव मी घेत नाही. आजही नाही. तुम्हीही मिस्त्रीच म्हणा.

*

आमच्यात भासऱ्यापुढं भावसुनेनं तोंड उघडं ठेवायचं नाही. आणि एकमेकांशी बोलायचं तर बिलकुल नाही! घरी ठीक होतं. सासू मध्ये बसे, निरोप इकडचा तिकडं करे. पण कामावर काय करता? मिस्त्रीनं सांगायचं, रेजानं ऐकायचं, त्याशिवाय फरशी बसते का?

पहिल्याच दिवशी माझ्या हातून सिमेंटात पाणी जास्त पडलं. मिस्त्री उठले. माझ्याकडं पाठ केली. आणि मी ठेवलेल्या बादलीले म्हणाले,

"बादली, तुले काही समजते का नाही? थो गारा हाय का कढी?"

मी पदर नाकापर्यंत ओढला आणि बादलीलेच म्हटलं, "बादली, सांगून दे. आता घट्ट होते म्हणा कढी."

झालं! तेव्हापासून आमचं सारं बोलणं बादलीमार्फत. इमरतीचाही तो पहिलाच दिवस. ती घमेलं डोक्यावर घेऊन तशीच उभी. "हाय राम! यहाँ सब बाल्टी से बतियाते हैं क्या?"

पण पोरगी हुशार. आठवडाभरात तीही बादलीपुढं जाऊन बसली. "बाल्टी, जरा मिस्त्री से पूछ तो, कल छुट्टी मिलेगी?"

मिस्त्रीनं छन्नी थांबवली नाही, वर पाह्यलं नाही. "बाल्टी ना बोलती है!"

*

मिस्त्रीची फरशी म्हणजे तळ्याचं पाणी. डोळा लावून पाहा, कुठं लाट सापडायची नाही. पण घासायची सुकी! पाणी घालू देत नसत. म्हणत, "पाण्याखाली ओरखडा लपते. सुकी घासा म्हणजे फरशी खरं बोलते."

मग काय धूळ, बाई! मोठा हॉल असे, वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं उतरे, आणि त्या उन्हात धूळ उभीच्या उभी राही, पांढऱ्या लुगड्यासारखी. खाली पडायची घाईच नाही तिले. छन्नीचा टक्-टक् आवाजही त्या धुळीतून यायचा तो दुरून कुठून तरी आल्यासारखा. मले वाटे, आपण वैनगंगेच्या धुक्यात बसलो आहोत, आणि पलीकडच्या काठावर कोणी तरी दगड फोडून राह्यलं हाय.

त्या धुक्यात माणूस दिसत नसे. ओव्हरसियर साहेब यायचे, दारातच थांबायचे आणि नुसता कान द्यायचे. आतून खोकला आला की त्या दिशेनं चालू लागायचे. 

एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "साहब, टॉर्च ले आऊँ?"

"काहे को? मिस्त्री तो बज रहा है!"

सारे हसले. मिस्त्रीही हसले, आणि हसता हसता जो खोकला लागला तो थांबेना. त्या दिवशी पहिल्यांदा मले हसणं गिळावं लागलं.

*

त्याच धुळीचा एक प्रताप सांगते. दुपारची सुट्टी झाली. धुळीतून आमचे हे बाहेर आले. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, पांढऱ्या मिशा. ओट्यावर बसले. मी जवळ गेली, पदर मागं सारला, तांब्या पुढं केला आणि लाडानं म्हटलं, "अहो, किती खोकता! मिस्त्रीच्या नादी लागून तुम्हीही तसेच होऊन जासान हं! त्या म्हाताऱ्याले काही समजते का?"

"ह्यांनी" तांब्या घेतला. घटघट पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग शेजारी ठेवलेल्या बादलीकडं तोंड वळवलं.

"बादली, इचे मालक मांगं उभे हायेत. त्याईले बी पाणी पाठव."

धरणी फाटावी, असं झालं! मागं पाह्यलं तर दुसरा पांढरा माणूस पोट धरून हसत होता. तो माझा.

*

उकव्याकडं जंगलात एक जुना डाक बंगला होता. साहेबलोकांच्या वेळचा, आत सगळी लाकडी जमीन. कित्येक पावसाळे बंद पडलेला. त्या फळ्या काढायच्या आणि फरशी घालायची, असं काम निघालं. आम्ही बसनं गेलतो.

कुलूप उघडलं तर आत हिरवा अंधार. पाय ठेवला की फळी हळूच खाली जाय आणि पुन्हा वर ये, झोपलेल्या गायीच्या पोटासारखी. वास असा, की मातीच्या रांजणात डोकं घातलं.

काम काही उरकेना. साहेब आले आणि भडकले. मिस्त्रीले नाही नाही ते बोलले. मिस्त्री खाली मान घालून फळ्याच चाचपत राह्यले. मग साहेबाले आपलंच बोलणं लागलं असावं, माणूस तसा चांगला होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, बुरा तो नहीं लगा?"

आता आपल्याकडं लोणच्यावर, ओल्या लाकडावर जी बुरशी येते, तिले म्हणतात बुरा. मिस्त्रीचं सारं लक्ष फळ्यांत. ते म्हणाले, "लागला ना, साहेब! भलकसा लागला!"

"अरे, बुरा मत मानो भाई..."

"मानू नाही त कसं? तुमीच पाहा!" आणि त्यांनी पहारीनं फळी उलटी केली.

खालून सगळी फळी मांजराच्या पाठीसारखी मऊ, करडी, हिरवी. उलटताच त्यातून धूर निघाला. धूर नाही, बुराच तो, सावरीचा कापूस उडावा तसा. वर गेला, खिडकीच्या उजेडात गोल गोल फिरला. मी आयुष्यात तसं सुंदर काही पाह्यलं नाही, आणि तसं वाईटही. मी पदराआड होती. इमरतीनं ओढणी घेतलेली. साहेब मात्र वाकून पाहत होते. ते शिंकायला लागले ते पार मोटारीत जाऊन बसले तरी शिंकतच होते.

मोटारीच्या खिडकीतून हात हलवून म्हणाले, "हाँ मिस्त्री, अब... अब लगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री त्या बंगल्याच्या पायऱ्या चढत होते आणि मधल्याच पायरीवर बसले. श्वास आत जाय, पण बाहेर येईना. शीळ वाजल्यासारखा आवाज. आमच्या ह्यांचं तोंड भीतीनं पडलं. बापाच्या माघारी ह्यांना त्याच माणसानं वाढवलं होतं.

*

बालाघाटला आणून डॉक्टरले दाखवलं. डॉक्टर आपल्यातले, मराठी. नळी लावून मागून-पुढून ऐकलं, खूप वेळ ऐकलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या छातीत फरशी बसत चालली आहे."

मिस्त्री म्हणाले, "ढाळ बरोबर हाय ना, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. "आणखी अशीच धूळ खाल्ली, तर पुढच्या वेळी हे विचारायलाही दम उरायचा नाही." मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहून म्हणाले, "ही बाई पण तिथंच काम करते ना? ती का नाही खोकत?"

मग डॉक्टरच माझ्या पदराकडं पाहत राह्यले. "असं तोंड झाका. ओलं फडकं बांधा. आणि घासताना पाणी घाला, धूळ उठूच देऊ नका."

मिस्त्री जागेवरून उठले. "म्हणजे माह्या भावसुनेपुढं मी घुंगट घेऊ?"

*

मग लागली लढाई! आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तोंडाले फडकं बांधलं. मिस्त्री त्यांना हाक मारत, "ओ वहिनी, जरा दोरी धरता का?" सारं काम थांबे, हसण्यानं.

पण मीही सोडलं नाही. रोज सकाळी बादली भरून त्यांच्याजवळ ठेवायची, कडीले एक धुतलेलं फडकं अडकवायचं आणि बादलीले रागवायचं. "बादली, तुले डॉक्टरनं काय सांगितलं? तुले समजते का नाही? मराची घाई हाय का तुले?"

मिस्त्री म्हणत, "बादली, लय बोलून राह्यली तू आजकाल."

"बादली, उद्या बोलाले कोणी समोर पाहिजे ना, म्हणून बोलते म्हणा!"

फडकं संध्याकाळी तसंच असे. वरून धूळ बसलेलं.

*

फरशी बसवून झाली की मिस्त्री एक करत. पालथे होऊन गाल जमिनीले लावत आणि दोन फरश्यांच्या मधल्या सांधीत फुंकर घालत. एकच लांब फुंकर. सांधीतली धूळ नागिणीसारखी सरसर पळे आणि सांध केसासारखी बारीक, काळी, सरळ दिसे. ती पाहिल्याशिवाय ते काम झालं म्हणत नसत. 

एक दिवस असेच पालथे झाले. दुपार होती, बाहेर होले घुमत होते. झरोक्यातलं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं. गाल टेकवला. ओठ गोल केले. फुंकर घातली.

धूळ हललीच नाही.

पुन्हा घातली. सांधीच्या तोंडाशी दोन कण उठले आणि परत तिथंच बसले.

मिस्त्री तसेच पडून राह्यले, गाल फरशीवर, जसं कोणी विहिरीत वाकून पाहते. आम्ही तिघं आपापल्या जागी दगड झालो. मग ते उठून बसले. माझ्याकडं पाठ होती. बादलीच्या कडीवरून त्यांनी फडकं काढलं, झटकलं, इकडून तिकडून पाह्यलं.

"बादली," ते म्हणाले, अगदी हळू, "हे मांगून बांधते का पुढून, इचार बरं."

मी नुसती बादली पुढं सरकवली. इमरतीच म्हणाली, "बाल्टी कहती है, पीछे से!"

*

आता हा शेवटचा.

साहेबांची मधल्या काळात दुसरीकडं बदली झाली होती. पुष्कळ महिन्यांनी ते परत आले. शाळेचा मोठा हॉल चालू होता, ते थेट तिथंच आले. 

हॉल कसा सांगू तुम्हाला! धुळीचा कण नाही. फरशीवर पाणी, पाण्यात झरोक्यांचं आभाळ. आम्ही चौघं त्या आभाळावर बसून घासत होतो, आणि आवाज नुसता सर्र... सर्र... पाऊस लांबच्या जंगलात पडावा तसा. चौघांचीही तोंडं डोळ्यांपर्यंत झाकलेली. कोण बाई, कोण माणूस, जवळून पाहिल्याशिवाय कळू नये.

साहेब सवयीनं दारात थांबले. कान दिला. 

सर्र... सर्र...

अजून थोडा वेळ कान दिला, पण खोकला काही येईना. मग त्यांचा चेहरा उतरला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी छातीशी धरली. 

"कब हुआ?" त्यांनी विचारलं.

काय विचारतात, आम्हाला कोणाले उमगलं नाही. आम्ही दगड थांबवले. साहेब खाली, पाण्यातल्या आभाळाकडं पाहत होते. त्यांचा आवाज भरून आला.

"मैंने उसको बहुत डाँटा था, उकवा में. ऐसा कारीगर फिर नहीं मिलेगा." आणि डोळे पुसत म्हणाले, "बुरा लगा, भाई. सच में, बहुत बुरा लगा."

माझ्या शेजारचं फडकं हललं. त्यानं साहेबाकडं पाह्यलं, मग पूर्ण हॉलवर काळजीनं नजर फिरवली, या कोनट्यापासून त्या कोनट्यापर्यंत. आणि माझ्या बादलीकडं वळून म्हणालं,

"बादली, साहेबाले इचार बरं, कुठी लागला?"