थांबा नेमलेला नव्हता

त्या आठवड्यात माझी प्रार्थना घशातच अडकत होती. गुडघे टेकायचे, 'हे प्रभू' म्हणायचं आणि पुढे शब्दच फुटायचा नाही. कारण माझा थोरला भाऊ, दादा. दादाच्या हृदयाच्या नळ्या चोंदल्यात, ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लातूरची तारीखही ठरलेली. आणि हा गडी म्हणतो, जाणारच नाही! घाबरून नव्हे बरं का. घाबरला असता तर मी हाताला धरून ओढत नेला असता. त्याचं म्हणणं, माझा शेवटचा दिवस देवाने मी जन्मायच्या आधीच नेमून ठेवलाय, त्यात डॉक्टर काय फिरवणार? आमच्या चर्चच्या मंडळीत दादाइतकं शास्त्र, म्हणजे बायबल, कुणी वाचलेलं नाही. त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

खरं सांगते, त्याच्या बोलण्याने मीही डळमळले होते. मी केजला राहते, शिवणकाम करते आणि मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा चालवते. दर आठवड्याला आम्ही कुणासाठी तरी देवाकडे मागतो. सगळं आधीच ठरलेलं असेल तर आम्ही बायका घसा कोरडा करतो तरी कशाला? पाळकसाहेबांना विचारलं. ते तरुण आहेत, स्वभावाने गोड. म्हणाले, "मावशी, देव नेमतो हेही वचनात आहे आणि माणसाने निवडावं हेही वचनात आहे. दोन्ही कुठे जुळतं ते मलाही दिसत नाही." अस्सा राग आला मला! इथे माझा भाऊ जायला निघालाय आणि यांना दिसत नाही! आता वाटतं, बिचारे खरं तेच बोलले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी धारूरकडची गाडी धरली आणि दादाच्या गावी गेले. सीताफळांचा मोसम होता. अंगणात टोपल्याच टोपल्या, आणि दादा मधे बसून फळं निवडत होता, जसं काही झालंच नाही. मी चहासुद्धा घेतला नाही. उभ्या उभ्याच सुरू केलं. "दादा, ऊठ. कपडे घाल. आज लातूरला मुक्कामी पोचायचंय."

"मला न्हाई जायचं," दादा म्हणाला. "त्यानं जेवढे श्वास नेमलेत तेवढेच. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. त्याच्या कामात मी कशापायी हात घालू?"

"मग फवारणी कशाला करतोस? कीडही त्यानेच नेमलेली असेल की!"

दादा हसला. लई दिवसांनी असा हसला. पण हलला नाही. मी रडले, ओरडले, आईची आठवण काढली, शास्त्र काढलं. मी एक वचन सांगितलं की तो दोन सांगायचा. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, पदर तोंडाला लावून. मधेच ती आत निघून गेली. मला वाटलं, तिला ऐकवेना. शेवटी मी चपला घातल्या. वहिनी एक भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली. वर चांगली डोळे उघडलेली सीताफळं दिसत होती. दादाला म्हणाली, "एवढी फाट्यापर्यंत नेऊन द्या. पावण्या माणसाला वझं नका देऊ." मी पिशवीला हात घातला तर दादाने ओढून घेतली. "न्हाई जमत मला? मी काय मेलोय का?"

गाव रस्त्यापासून आत आहे. वाटेने दादा मधून मधून थांबत होता, दम खात होता आणि बाभळी बघितल्यासारखं करत होता. फाट्यावर एक मोडकी टपरी आहे, तिच्या सावलीत उभे राहिलो. दुरून गाडी दिसली. दादाने पाटी ओळखली. "ही लातूरची जलद हाय. हिला हितं थांबा नेमलेला न्हाई. तुझी साधी गाडी मागून येईल."

नेमलेला! तो शब्द कानावर पडला आणि माझं डोकंच फिरलं. "लातूरची गाडी डोळ्यासमोरून चाललीय दादा! हात तरी दाखव!"

"मी हात दाखवनार न्हाई. त्याच्या मनात मला लातूरला न्यायचं असलं, तर गाडी आपल्यानं थांबंल. थांबली तर जाईन, जा!"

झालं! आता आणखी काय बोलायचं? माझा सगळा जीव वर आला. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि हात असा जोरात वर उडवला. "जा! जा मग! कर तुझ्या मनाचं!" हे दादाला म्हटलं की देवाला, मला आजही सांगता यायचं नाही. माझ्या हातातली छत्रीसुद्धा उडून रस्त्यावर पडली.

आणि करकचून ब्रेक लागला! धूळ उडाली, गाडी टपरीच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मी बघतच राहिले. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून विचारत होता, "क्या हुआ मावशी? येवढा हात केला तुमी, मला वाटलं कुनाला काय झालं! जलद हाय, थांबत न्हाई आमी."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच. मग भानावर आला आणि माझ्यावरच उलटला. "तू हात दाखवलास!"

"मी कुठे दाखवला? मी तुला 'जा' म्हटलं!"

"गाडी हातानं थांबली. आपल्यानं थांबली न्हाई."

"अरे, पण मी थांबवलीच नाही!"

अहो, भर रस्त्यात, गाडीभर माणसं खिडक्यांतून बघतायत आणि आम्ही दोघं म्हातारे देवाच्या इच्छेवरून भांडतोय! कंडक्टर पोरगेला होता. दार उघडून वैतागून म्हणाला, "ओ काका, हात कुनाचाबी असंना! गाडी थांबलीय. आता पाय काय मी उचलू का तुमचा?"

गाडीतली माणसं हसली. दादा हसला नाही. त्या पायरीकडे बघत राहिला. कंडक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याला नुसती वेळ गाठायची होती. पण मी दादाचा चेहरा पाहिला, आणि माझ्या मनातला सगळा वाद गळून पडला. आठवडाभर अडकलेली प्रार्थना तिथे सुटली. 'प्रभू, हा तुझा, मीही तुझी. आता तू बघ.' बस, एवढंच. मी दादाला हात लावला नाही, एक शब्द बोलले नाही. आणि दादाने पाय उचलला! आपला आपण उचलला. दांडा धरून वर चढला, पिशवीसकट. मी छत्री उचलली आणि मागोमाग चढले.

केज मागे पडलं तसा दादाला दरदरून घाम फुटला. छाती धरून तो माझ्या खांद्यावर कलला. मी एकच किंचाळी मारली. ड्रायव्हरने मागे पाहिलं, "धीर धरा मावशी, आत्ता पोचवतो," म्हणाला आणि अंबाजोगाईला गाडी स्टँडवर न नेता सरळ दवाखान्याच्या फाटकातच घातली. तो आणि कंडक्टर, दोघांनी दादाला उचलून आत नेलं. तिथे डॉक्टरांनी त्याला सावरलं आणि अँब्युलन्सने लातूरला धाडलं. गावात असता तर हाती लागला नसता, असं त्यांनी सांगितलं. मी भिंतीला टेकून बसले आणि हसू येतंय की रडू तेच कळेना. तेवढ्यात नर्स म्हणाली, पेशंटचे कपडे, रिपोर्ट द्या. आता कुठून आणू? नुसती सीताफळं! म्हणून पिशवी उपसली तर फळांच्या खाली दादाचे धुतलेले कपडे, टॉवेल, सगळे रिपोर्ट आणि त्याचं शास्त्र! वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "तुमी दोघं भांडत बसला होता. म्हटलं, आपन आपली पिशवी भरावी." म्हणजे आपली दवाखान्याची पिशवी दादा आपल्याच हाताने फाट्यापर्यंत घेऊन आला होता!

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे नाताळच्या भक्तीला दादा आला आणि उपकारस्तुतीला, देवाचे आभार मानायला, उभा राहिला. मंडळीला म्हणाला, "देवानं मला त्या गाडीत बसायचं नेमलं होतं." मी बसल्या जागेवरून म्हटलं, "जलदला तो थांबा नेमलेला नव्हता, तूच म्हणालास!" सगळी मंडळी हसली. दादा माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "एसटीनं नेमलेला नव्हता गं." पाळकसाहेब डोळे पुसत होते.

कुठे काय जुळतं ते मला अजून कळत नाही, आणि खरं सांगू, आता तळमळही राहिली नाही. बायकांच्या सभेत मी पुन्हा देवाकडे मागते, भरभरून मागते. कधी चुकीचं मागत असेन, कधी रागावून मागत असेन. पण त्या दिवशी मी हात वर करून 'जा' म्हणाले होते, आणि त्याने 'थांब' ऐकलं. त्याचे उपकार कुठल्या तोंडाने मानू!