ग्रुपवरचं ताट
डबल का मीठा, म्हणजे तुपात तळलेल्या पावाच्या हैदराबादी गोडाचा वास आला की मला आमचा फेसबुकवरचा फिटनेस ग्रुप आठवतो. तिथे मी स्वघोषित गुरू होतो. पोट माझंही सुटलेलं, पण डीपीत ते दिसत नव्हतं. एकदा कुणीतरी नाव लपवून त्याच गोडाने भरलेल्या ताटाचा फोटो टाकला. "खाणं थांबतच नाही. हे व्यसन असेल का?" मी ठोकून दिलं, "व्यसन कसलं, बहाणे! तोंडाला कुलूप लावा." भराभर लाइक आले. संध्याकाळी दिलसुखनगरला ताईकडे जाऊन हीच फुशारकी मारली. ती हळूच म्हणाली, "वाचलं रे मी. ताट तरी ओळखायचंस." मी फोटो पुन्हा उघडला. काठावर आमच्या आईचं नाव कोरलेलं होतं. ताईच्या लग्नात दिलेलं ताट. अजूनही ती मला आग्रह करून वाढते, पण माझ्यासमोर स्वतः एक घासही खात नाही.