पाटीच्या दोन्ही बाजूंना शाब्बास

"पाटी पूस म्हणते ना, गोदे!" मी तिसऱ्यांदा दटावलं. गोदी ढिम्म. पाटी पोटाशी धरून बसलेली. समोर मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. शेजारी आमच्या हेडमिस्ट्रेस, मोठ्या बाई, डोळे वटारून.

काचीगुड्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत तेव्हा बक्षीस द्यायला काही नसायचं. म्हणून मी एक पद्धत काढली होती. काम चांगलं झालं की पाटीवर खडूनं ठळक 'शाब्बास' लिहायचं. मुलगी ते घरी मिरवायची, सकाळी पुसून यायची. गोदीला लागोपाठ दोन मिळाले, एका बाजूला अक्षराचं, दुसऱ्या बाजूला पाढ्यांचं. बयेनं एकही पुसलं नाही! पाटी फडक्यात गुंडाळून आठ दिवस गणितं तोंडी केली, शुद्धलेखन शेजारणीच्या पाटीवर. चाळीस मुलींत माझ्या लक्षातही आलं नाही. माझंच चुकलं, दुसरं काय!

आणि आज तिसरीची परीक्षा. गोदीचे वडील कचेरीत कारकून. नापास झाली तर शाळा बंद, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

साहेब उर्दूत गणित सांगत, मी मराठीत घाली. "एका ओळीत अठरा मुली, अशा सात ओळी. त्यांतल्या पंधरा गैरहजर. हजर किती?" सगळ्यांच्या पेन्सिली करकरल्या, गोदीची सोडून.

"क्यों बेटी, लिखते क्यों नहीं?" साहेबांनी विचारलं.

"बाईंचं शाब्बास जाईल," गोदी रडवेली झाली.

"घ्या! तुमच्या लाडांनी पोरीचं वाटोळं केलं," मोठ्या बाई माझ्या कानाशी फणफणल्या.

मान खाली घालून साहेबांना सगळं सांगितलं. ते खो खो हसले. "अच्छा, तो ज़बानी बोलो."

"एकशे अकरा."

बाकीच्यांच्या पेन्सिली अजून करकरतच होत्या! साहेबांनी आणखी तीन गणितं घातली. तिन्ही बरोबर. आठ दिवसांत पोरगी तोंडी हिशेबात तरबेज झाली होती. अस्सं वाटलं, उचलून घ्यावं तिला! साहेबांनी पास केलं, कागदावर उर्दूत 'शाबाश' लिहिलं, खाली सही ठोकली आणि म्हणाले, "ये रखो. अब पाटी पोंछो." गोदीनं पुसली, पण एकच बाजू.

दुसऱ्या दिवशी वडील दारात हजर. म्हटलं, आता पाटीच्या प्रकारावरून ऐकून घ्या.

"बाई, खुद्द साहेबांची सही! कचेरीत सगळ्यांना दाखवली," ते म्हणाले. "चौथीची पुस्तकं कुठली आणायची?"

माझं शाब्बास आठ दिवस त्यांच्याच घरात होतं, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं गृहस्थानं! असो. पुस्तकं आली ना.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर लिहू लागले. शाबासकी भरपूर द्यावी, फक्त पुढचं गणित मांडायला जागा ठेवावी.