पाच नंबरचे "व्हय"

मी नवी नर्स होते तेव्हा वॉर्डाच्या भिंतीवर पाटी होती : इंजेक्शनआधी रुग्णाला त्याचं नाव विचारा. मी विचारायचे, पण माझ्या पद्धतीनं. कागदावरचं नाव मीच वाचायचे आणि गोड हसून म्हणायचे, "हे तुम्हीच ना, पावणं?" समोरून "व्हय" आलं की सुई आत. आणि कोल्हापुरात "व्हय"ला काय तोटा!

त्या दिवशी पाच नंबरच्या खाटेवरूनही "व्हय" आलं. मी इन्सुलिनची सुई दंडाला टेकवणार, एवढ्यात एक बाई डबा घेऊन आल्या आणि कडाडल्या, "ओ पावणं, आमच्या मालकांच्या खाटंवर का झोपलायसा?"

ज्यांच्यासाठी ती सुई होती ते मालक सात नंबरला, खिडकीत बसले होते. शिवाजी पेठेतला माणूस. खाली मैदानात फुटबॉल सुरू झाल्यावर त्याला कसला मधुमेह आणि कसलं काय! मूळच्या सातवाल्यांनी मोठ्या मनानं खाट बदलून दिली होती. हे कबनूरचे. जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कान अर्धे. त्यांना साखरेचा त्रास नव्हताच, वर ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी. ती सुई गेली असती तर? मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

"व्हय कशाला म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ऐकू आलं न्हाय. पर तुमी एवढं हसून इचारलासा, न्हाय कसं म्हणायचं?"

चूक कळवायचा एक छापील कागद होता. वर ठळक अक्षरांत, "कोणालाही शिक्षा होणार नाही." त्याच्याखाली पहिलाच रकाना, दोषी कर्मचाऱ्याचं नाव. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "टोचलं न्हाईस न्हवं? मग कशाला लिवतीस? नसती बिलामत." मला तेच ऐकायचं होतं. कागदाची घडी खिशात गेली.

तासाभरानं मोठे डॉक्टर राऊंडला आले. त्यांचा आवाजही मोठा. "काय सिस्टर, सगळं ठीक ना?" हसून विचारलं हो त्यांनी.

"व्हय सर," मी म्हणाले.

"न्हाय सर!" कबनूरचे पावणे उठून बसले. "ह्या पोरीला काय बोलू नगासा, पर मला आज दुसऱ्याची सुई बसत हुती."

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ध्या कानाच्या माणसाला जमलेलं "न्हाय" मला जमलं नव्हतं. मी खिशातला कागद काढला आणि पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं.