बाहेरून हाक मारायची नावं

दुपारचे साडेतीन. कोडचं बिल्ड, म्हणजे चालवता येईल असं रूप, तयार व्हायला अजून बारा मिनिटं आहेत, म्हणून शमीम मुलाणी टेबलावर डोकं टेकते. पंख्याची घरघर लांब लांब जाते. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तिचं तिलाच कळत नाही.

शेजारच्या खुर्चीत नलावडे सर बसलेत. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. दूध केंद्रातल्या फॅट मशीनचा आकडा मोबाईलवर आणणारी लायब्ररी, म्हणजे इतर अ‍ॅप्सना जोडता येणारा तयार कोड, त्यांनी लिहिलेली. वीस डेअऱ्या ती आपापल्या अ‍ॅपमध्ये वापरतात. त्यांच्यामागे ती शमीमकडे आली.

"मागच्या महिन्यात काय झालं म्हणे?" सर विचारतात.

"कोड बारीक करणारं टूल लावलं, सर. आपल्या कोडमधल्या ज्या तुकड्यांना, क्लासना, आतून कुणी हाक मारत नाही, ते त्यानं बिनकामाचे समजून उडवले. उरलेल्यांची नावंही बदलली. डेअऱ्यांची अ‍ॅप्स जुन्या नावांनी शोधत राहिली आणि बंद पडली."

आता दोघं दूध केंद्रात उभी आहेत. किटल्यांची रांग ऑफिसच्या टेबलांमधून गेलीये, फरशी दुधानं ओली आहे.

"मग सगळंच राखून ठेवलंस?"

"आधी घाबरून तेच केलं. लायब्ररी होती तेवढीच जाड राहिली. मग एकेक क्लास तपासत बसले. बाहेरून नावानं बोलावतात असे सतराच निघाले. तेवढ्यांना हात लावायचा नाही, बाकीचं खुशाल काप, असे नियम लिहिले. आणि ते नियम लायब्ररीच्या पोटातच घातले. डेअरीवाल्यांनी वेगळं काही लिहायला नको."

"पोटातच?" सर एका किटलीवर हात टेकतात. जिवंतपणी त्यांनी कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं तिला आठवत नाही. "मी एकेकाला फोन करून सांगत बसायचो. मला नाही सुचलं गं हे."

शमीमची मान आपसूक ताठ होते.

"पहिल्या फाईलवर लेखक म्हणून नाव कुणाचं आहे?"

"तुमचं, सर."

"एकट्याचंच?"

ती काही बोलणार तेवढ्यात रांग पुढे सरकते, आणि किटल्यांच्या खणखणाटात सर दिसेनासे होतात.

शमीम जागी होते. बिल्ड झालंय. वीसही अ‍ॅप्सच्या चाचण्या पास, लायब्ररी पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिचा डावा हात कीबोर्डवर आहे, समोर पहिली फाईल उघडी. वर सरांचं नाव. त्याखाली, कधी टाइप केली ते तिला आठवत नाही अशी, एक ओळ: शमीम मुलाणी.

ती ओळ ती दोनदा वाचते. मग फाईल सेव्ह करते.