मर्जीशेठचा प्रश्न

त्याला सगळे मर्जीशेठ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. शेठ कसला, सुतार. पण कारखाना स्वतःचा, करवतीचं मशीन स्वतःचं, आणि कामाला आलेल्या प्रत्येकाला दारातच एक प्रश्न ठरलेला. काम दाखवायचा, मजुरी सांगायचा आणि विचारायचा, "मर्जी आहे का?" नाही म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचा, आहे म्हणणाऱ्याला आत घ्यायचा. पुढे कुणी कुरकुर केलीच, तर बोट दाराकडे. "दार उघडंय, राजा. मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही."

हे खूळ उगाच डोक्यात शिरलेलं नव्हतं. त्याच्या बापाचाही असाच कारखाना होता. एक दिवस कुणी साहेब आला, परवान्यावरचा शिक्का जुना झालाय म्हणाला आणि दाराला सील ठोकून गेला. बाप रोज त्या दारासमोर उकिडवा बसायचा आणि आत त्याचीच हत्यारं गंजत होती. शेवटी दुसऱ्याच्या हाताखाली रंधा मारता मारता मेला बिचारा. तेव्हापासून सरकार म्हटलं की मर्जीशेठच्या कपाळावरची शीर तडतडायची. पुढे वाचनालयातली जुनी जाडजूड पुस्तकं त्यानं वाचून काढली आणि त्यात त्याला आपल्याच मनातलं सापडलं. सरकारनं चोर पकडावेत, करार पाळायला लावावेत आणि बाकी वेळ गप्प बसावं, माणूस आपलं आपण बघून घेतो. याला उदारमतवाद म्हणतात हे कळल्यावर तर काय, गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटला.

लेकीला त्यानं हौसेनं शिकवलं आणि ती शिकून नेमकी लागली कुठं, तर कामगार खात्यात! "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," तो म्हणायचा. त्यावर कहर म्हणजे ती म्हणायची, मीसुद्धा उदारमतवादीच.

रात्रीच्या जेवणाला दोघांची जुंपायची.

"बाबा, तुमच्या पुस्तकांना दोनशे वर्षं झाली. तेव्हा राजाच्या जुलमातून सुटायचं होतं, ते बरोबरच होतं. पण नुसतं मोकळं सोडलं म्हणजे माणूस मोकळा होतो का? पोटात अन्न नाही, शाळा नाही, आजारपणात दवाखाना नाही, तो तुमच्या उघड्या दारातून जाणार कुठं? त्याला आधी उभं राहायला आधार द्यावा लागतो. तो सरकारनं द्यायचा."

"आणि आधार देणारा हात उद्या मानगूट धरतो, त्याचं काय? तुझ्या आजोबांचं दार कुणी बंद केलं? आधार देणाऱ्यांनीच ना?"

यावर लेक ताट बाजूला सारायची. आई म्हणायची, "दोघंही एवढे उदार, पण ताट उचलायला एकाचाही हात पुढं येत नाही."

वाद ताटावर होता तोवर ठीक होतं.

करवतीच्या पात्यावर एक लोखंडी झाकण असतं, बोटं वाचवायला. पण लाकडात खाच पाडायची तर ते काढावंच लागतं. खाच झाली की पुन्हा लावायचं. दिवसभर हे काढ-घाल कोण करणार? मर्जीशेठकडं खाचेचंच काम जास्त, त्यामुळं झाकण कोपऱ्यात भुशाखाली पडलेलं असायचं. मशीनवर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. भोळा, कमी बोलणारा माणूस. बायको-पोरांसह कारखान्याच्या माळ्यावर राहायचा, बहिणीच्या घरी जेवायचा.

एकदा लेक डबा द्यायला आली आणि तिला ते झाकण दिसलं. "बाबा, हे असं चालणार नाही. हा नियम आहे."

"नियम! ज्याची बोटं आहेत त्यालाच विचारू की." मर्जीशेठनं मशीन बंद करायला लावलं. "मेहुण्या, झाकण लावायचं का? मजुरी नगावर आहे, नग कमी होतील. जबरदस्ती नाही. बिनझाकणाचं चालवायची मर्जी आहे का?"

मामानं भाचीकडं पाहिलं, मग दाजींकडं. "आहे," तो म्हणाला. "सवय झालीय आता."

"ऐकलंस?" मर्जीशेठची छाती फुगली.

लेकीला खात्यात वरती कळवता आलं असतं, पण ती गप्प राहिली. मामाच्या शब्दाचा मान ठेवला, असं तिनं स्वतःला समजावलं.

पुढं पावसाळा सरताना मामाची तीन बोटं गेली. उजव्या हाताची. फळी उसळली, एवढंच. मशीन बंद करून तो स्वतः चालत बाहेर आला आणि "दाजी" म्हणून खाली बसला.

खात्याची चौकशी लागली. झाकण मालकानं काढायला लावलं असेल, तर कारखान्याला सील. पुन्हा तेच दार, तेच सील! मर्जीशेठला झोप लागेना. तो दवाखान्यात गेला आणि खाटेशेजारी बसून म्हणाला, "मेहुण्या, तू राजी होतास ना?"

मामानं छताकडं पाहिलं. "दाजी, माळा तुमचा, चूल ताईची, मशीन तुमचं. नाही म्हणून मी जाणार कुठं होतो?"

मर्जीशेठ खाटेवरची चादर सारखी करू लागला.

"पण घाबरू नका," मामा म्हणाला. "राजी होतो असंच सांगतो साहेबाला. अजून माळ्यावरच राहायचंय."

आणि त्यानं तसंच सांगितलं. कारखाना वाचला. कामगारानं आपणहून झाकण नाकारलं असं ठरल्यामुळं भरपाईचा प्रश्नच उरला नाही. लेक घरी आली ती रडतच. "बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून सुटलात, आणि मी त्याचा मान राखला म्हणून सुटले. बोटं फक्त त्याची गेली." त्या दिवशी वाद झाला नाही. वाद घालायला दोघांपैकी कुणाला तोंडच नव्हतं.

मामा घरी आला त्या रात्री सगळे जेवायला बसले. मामा डाव्या हातानं खात होता, घास सांडत होता. मर्जीशेठला ते बघवेना. मनापासून काहीतरी चांगलं करावं असं त्याला वाटलं, आणि तो म्हणाला, "मेहुण्या, उद्यापासून तू मशीनवर नको. नुसती देखरेख कर. पगार आहे तोच देईन. मर्जी आहे का?"

सवयीनं गेलं हो तोंडातून.

"अहो, त्याला विचारू नका!" बायको ओरडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नवऱ्यावर ओरडली होती. "एकदा तरी न विचारता द्या!"

पण मामानं तोवर पट्टी बांधलेला हात ताटाजवळ ठेवला होता आणि मान हलवली होती. "आहे," तो म्हणाला. तोच आवाज, तेच खाली पाहणं.

मर्जीशेठ त्याच्याकडं बघत राहिला. दारात उभं राहून आजवर ऐकलेले सगळे "आहे" त्याला आठवू लागले, आणि त्यातल्या एकाचाही आता भरवसा वाटेना.